वेळ कोणाची?

जानेवारी महिन्यातील एखाद्या दिवशी मुंबईत रात्रीचे ८ वाजले असता टोकियोत साडेअकरा वाजून दिवे मालवू लागलेले असतात, लंडनात दुपारचे अडीच झालेले असतात आणि न्यूयॉर्कात सकाळचे साडेनऊ वाजून कचेऱ्यांची कामे नुकती सुरू झालेली असतात. क्षण एकच, परंतु चार नगरांतील घड्याळे त्यास चार नावे देतात. ह्यांपैकी खरे कोणते असे विचारल्यास प्रत्येक गृहस्थ आपल्या भिंतीकडे बोट दाखवील. तेव्हा वेळ ही वस्तुस्थिती आहे की केवळ सोय आहे, आणि सोय असल्यास ती कोणाची, ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्यातील गणित अवघड नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि अंशाला ४ मिनिटे. आमच्या ज्योतिषशास्त्रात हाच हिशेब अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेस ६ अंश व अंशास १० पळे असा मांडला जात असे. उज्जयिनीवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा मध्यरेषा मानून, तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी गणितात जी दुरुस्ती करावयाची तिला देशांतर संस्कार म्हणत. आज ज्याला आपण एका देशाची वेळ दुसऱ्या देशाच्या वेळेत बदलणे म्हणतो, त्याचे तत्त्व ह्या संस्कारात पूर्णपणे आलेले आहे. नागपूरचा मध्यान्ह मुंबईच्या मध्यान्हाच्या सुमारे २५ मिनिटे आधी होतो, म्हणून नागपूरकर खोटे बोलतात असे त्या काळी कोणी म्हटले नसते. ज्या गावचा सूर्य त्या गावची वेळ, हे सर्वांस मान्य होते.

आगगाडी व तारायंत्र आल्यावर ही स्थिती टिकणे शक्य नव्हते. बैलगाडीने जाणाऱ्यास २५ मिनिटांचे अंतर जाणवत नाही. परंतु एकाच रुळावरून दोन गाड्या समोरासमोर येण्याचा संभव असता प्रत्येक स्थानकाने आपापला सूर्य पाहून चालत नाही. हिंदुस्थानातील रेल्वेने म्हणून मद्रासची वेळ स्वीकारली. जगाच्या व्यवहारासाठी १८८४ साली वॉशिंग्टन येथे परिषद भरली व तिने २२ अनुकूल मतांनी ग्रीनिचची रेषा शून्य रेषा म्हणून मान्य केली. त्या रेषेत निसर्गाने ठेविलेले कोणतेही वैशिष्ट्य नाही. बहुतेक जहाजे ग्रीनिचवर आधारलेल्या नकाशांनी आधीपासूनच चालत होती, आणि त्या काळी समुद्रावर ब्रिटनचे प्रभुत्व होते, एवढेच तिचे मुख्य बळ. फ्रान्सने त्या वेळी मत दिले नाही. आणि १९११ साली जेव्हा ती वेळ स्वीकारली, तेव्हा कायद्यात ग्रीनिचचे नाव न घेता पॅरिसची मध्यम वेळ ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे घेतली, अशी शब्दयोजना केली! राष्ट्राभिमानाचा हा प्रकार पाहून हसू येते खरे. पण हसण्यापूर्वी वाचकांनी आपल्या मुंबई शहराचाही इतिहास आठवावा.

मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे आणि मद्रासच्या सुमारे अर्धा तास मागे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी सरकारी कचेऱ्यांतून मद्रासची वेळ सुरू केली, तेव्हा शहराने ती मनापासून कधीच स्वीकारली नाही. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही वादाचा विषय झाला. आणि अखेर सरकारलाच माघार घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरील, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ साऱ्या देशासाठी प्रमाण ठरली. मुंबईचे घड्याळ त्यामुळे एकदम ३९ मिनिटांनी पुढे गेले. गिरणीत सूर्योदयाच्या सुमारास कामावर जाणाऱ्या मजुराला ह्याचा अर्थ नीट कळला: अंधारात आणखी ३९ मिनिटे आधी उठावयाचे. मजुरांनी निषेध केला, नागरिकांनी सभा भरविल्या, आणि मुंबईच्या नगरपालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू ठेविली. कलकत्त्यासही आपली वेळ सोडण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

ह्या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता? एका दृष्टीने पाहिले तर सरकारचा पक्ष निःसंशय सयुक्तिक होता. एका शहरात दोन वेळा चालू असल्या की गाडी चुकते, कज्जाची तारीख हुकते, आणि भेट ठरविताना ‘कोणत्या घड्याळाप्रमाणे?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी करावा लागतो. केवळ जुन्याचा अभिमान म्हणून असा घोटाळा पन्नास वर्षे चालू ठेवणे हे शहाणपणाचे लक्षण आम्ही मानीत नाही. परंतु मुंबईकरांचा राग मिनिटांवर नव्हता. ज्यांच्या उठण्याजेवण्याची वेळ बदलावयाची, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे अगत्य राज्यकर्त्यांस वाटले नाही, हे त्या रागाचे मूळ होते. तीच साडेपाच तासांची वेळ स्वतंत्र भारताने स्वीकारली आणि ती आता आपल्याला परकी वाटत नाही. ह्याचा अर्थ असा की प्रमाण वेळ हा एक करार आहे. कराराचे कलम कितीही उपयुक्त असले, तरी दुसऱ्या पक्षाची संमती नसेल तर तो करार राहत नाही, हुकूम होतो.

असा करार एकदा झाला की तो सर्वांना सारखा पडतो असेही नाही. आपल्या देशाची पूर्वपश्चिम रुंदी सुमारे २९ अंशांची आहे. म्हणजे दोन टोकांच्या सूर्यांत जवळजवळ दोन तासांचे अंतर. जूनमध्ये वरच्या आसामात पहाटे साडेचारच्या आधीच उजाडते, तर डिसेंबरात द्वारकेस सूर्य सातनंतर उगवतो. घड्याळ मात्र दोन्ही ठिकाणी एकच. आसामातील चहाच्या मळ्यांनी म्हणून आपले घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची रीत पाडली आहे. देशाच्या ऐक्यासाठी एकच वेळ असावी हे आम्हांस मान्य आहे. पण त्या ऐक्याची किंमत पूर्वेकडील लोक आपल्या दिवसाच्या उजेडाने देत आहेत, हे मध्यावर राहणाऱ्यांनी विसरू नये.

देशांतर्गत जे खरे ते देशादेशांमध्ये अधिकच खरे आहे. पूर्वी परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र येण्यास आठवडे लागत. आज त्याचा आवाज क्षणात ऐकू येतो. ह्या सोयीबरोबर एक नवे कर्तव्य आपल्यावर आले आहे, ते म्हणजे बोलावण्यापूर्वी हिशेब करण्याचे. रीत सोपी आहे. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून ग्रीनिचची वेळ काढावी, आणि तीत दुसऱ्या गावचे अंतर पूर्वेस असल्यास मिळवावे, पश्चिमेस असल्यास वजा करावे. पुण्यात रविवारी सकाळचे ७ वाजले असता ग्रीनिचास रविवारच्या पहाटेचा दीड; त्यातून ८ तास काढले की हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोस शनिवारचे सायंकाळचे साडेपाच. वार बदलला, हे ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून तेव्हा साडेसहा. मॉरिशसमधील मराठी मंडळी मात्र बारमास आपल्या दीड तासच मागे असतात.

हा हिशेब केवळ अंकांचा नाही, हे पंचांगाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. तिथी सूर्यचंद्रांमधील अंतरावरून ठरते, म्हणून तिचा शेवट साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो. परंतु सूर्योदयी जी तिथी तीच दिवसाची, हा आपला सामान्य नियम, आणि सूर्योदय तर गावोगावचा निराळा. समजा, हिवाळ्यात एकादशी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास लागली व सोमवारी सकाळी १० वाजता संपली. मुंबईत सोमवारच्या सूर्योदयी ती आहे, तेव्हा एकादशी सोमवारी. न्यूयॉर्कात ती रविवारी रात्री साडेअकरालाच संपते, म्हणून तेथील सूर्योदयाप्रमाणे एकादशी रविवारी. तेथील सुनेने रविवारी उपवास केला तर सासूबाईंनी तिला चुकीचे ठरवू नये, आणि घरच्या पंचांगाशी मन जुळावे म्हणून तिने सोमवार धरला तरी तिच्या भावनेस कोणी हसू नये. शास्त्राने स्थानभेद मान्य केलेला आहे. माणसांना तो मान्य करणे जड जाते, इतकेच.

आमच्या मते ह्या साऱ्या प्रश्नाचे नैतिक मर्म येथे आहे. दोन गावांमध्ये व्यवहार असला की कोणाला तरी आपली झोप मोडावी लागते. ती कोणी मोडावयाची, हे सहसा गणिताने ठरत नाही, सामर्थ्याने ठरते. न्यूयॉर्कात सकाळी ९ वाजता काम सुरू होते तेव्हा येथे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा व हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. तेथील ग्राहकांची सेवा करणारी आमची हजारो तरुण मुलेमुली रात्रभर जागतात आणि आईवडील न्याहारीस बसतात तेव्हा निजावयास जातात. पैसा मिळतो, आणि तो त्यांनी स्वखुशीने पत्करला आहे, असे कोणी म्हणेल. ते सर्वस्वी खोटेही नाही. पण पैसे देणाऱ्याच्या घड्याळाला कधीही हलावे लागत नाही, ही गोष्ट त्या स्वखुशीबद्दल विचार करावयास लावणारी आहे. १९०६ च्या गिरणीमजुरास ३९ मिनिटांचा जो जाच झाला, त्याचेच हे विस्तारलेले रूप आहे.

ह्यावर उपाय म्हणून पुन्हा गावोगावच्या सूर्याकडे जा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. साऱ्या जगाने एकच घड्याळ लावावे, अशीही एक सूचना अधूनमधून केली जाते. परंतु तेवढ्याने दुसऱ्याची रात्र दिवस होत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड होते. आज निदान हिशेब करताना तरी तिची आठवण होते. म्हणून हिशेब राहू द्यावा, आणि ज्याला काम सांगावयाचे आहे त्याने तो स्वतः करावा. सभा बोलावणाऱ्याने, ग्राहकाने, धन्याने, आणि दूरच्या लेकाशी बोलू इच्छिणाऱ्या आईबापांनीही आधी इतके विचारावे की आता तेथे किती वाजले असतील. आणि नेहमी एकाच बाजूची झोप मोडत असेल, तर एखादे वेळी आपण जागावे.