एन-दोरचे भोजन आणि नोबचे याजक

अत्याचारी सत्ताधीशाचे अखेरचे दिवस पडद्यावर दाखवावेत काय, आणि दाखविल्यास त्याला माणूस म्हणून दाखवावे काय, हा प्रश्न वरवर पाहता चित्रपट-समीक्षकांचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. आणि पवित्र शास्त्राच्या वाचकाला तर तो मुळीच नवा नाही.

२००४ साली ऑलिव्हर हिर्शबीगल यांचा ‘डेर उंटरगांग’ हा जर्मन चित्रपट प्रदर्शित झाला. हिटलरचा २० एप्रिल १९४५ चा वाढदिवस, ३० एप्रिलची त्याची आत्महत्या आणि त्यानंतरचा बर्लिनचा पाडाव, एवढाच त्याचा मुख्य विषय. ब्रुनो गांझ या नटाने पाठीमागे लपविलेला थरथरता हात, कुत्रीवरची माया आणि सचिव मुलींशी असलेले सौजन्य असे काही रंगविले की प्रेक्षक अस्वस्थ झाले. आपल्याकडेही २०११ मध्ये राकेश रंजन कुमार यांनी ‘गांधी टू हिटलर’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात रघुवीर यादव हिटलर झाले. त्यापूर्वी २०१० मध्ये अनुपम खेर यांनी ही भूमिका स्वीकारली होती. परंतु निषेध होताच त्यांनी ती सोडली.

हा निषेध समजून घेतला पाहिजे. हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली. ज्यू म्हणजे आपल्याला कोणी दूरचे लोक नव्हेत. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल हे आपलेच शेजारी. २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले, तेव्हा ज्यू समाजाला किती वेदना झाल्या असतील! निषेधानंतर ते नाव बदलण्यात आले. ज्यांच्या लोकांची राख झाली, त्यांनी मारेकऱ्याच्या थरथरत्या हाताकडे पाहून हळहळावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच गंभीर आहे. हिटलरला राक्षस ठरविले की आपण सुटतो. राक्षस आपल्या जातीचा नव्हे. म्हणून त्याने केले ते आपल्या हातून होणे शक्य नाही, असे समाधान करून घेता येते. परंतु मनुष्याचे पातक मनुष्यानेच केलेले असते. त्याला मनुष्यत्वाबाहेर ढकलणे म्हणजे पापाविषयीच्या ख्रिस्ती शिकवणीलाच बगल देणे होय.

या दोन बाजूंमध्ये निवाडा कसा करावा? शौल राजाच्या अखेरच्या रात्रीचे वर्णन पाहा. १ शमुवेल २८ मध्ये तो वेश पालटून एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे जातो. उद्याचे मरण ऐकून तो भुईवर कोसळतो. दिवसभर त्याने अन्न घेतलेले नाही. ती स्त्री आग्रह करते, घरचे पुष्ट वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते. येथे ‘कापणे’ या अर्थी आलेले इब्री क्रियापद बहुधा यज्ञबळीसंबंधी योजले जाते. त्यामुळे भाषांतर करताना लेखणी अडखळते. ज्याने अशा स्त्रियांना देशातून घालवून दिले, त्यालाच त्यांच्यातील एकीने अखेरचा घास द्यावा! शास्त्राने हा प्रसंग गाळला नाही. शौल येथे पूर्णपणे माणूस आहे. थकलेला, भ्यालेला, भुकेलेला.

पण त्याच पुस्तकात, सहाच अध्याय आधी, नोब आहे. त्याच शौलाच्या हुकमाने दवेग अदोमी याने एका दिवसात ८५ याजक मारले आणि नगरातील स्त्रिया, मुले व तान्ही बाळेही तरवारीने कापली. गिलबोवावर शौल पडल्यावर दाविदाने विलाप केला. त्या विलापात नोबचा उल्लेख नाही. शोक करणाऱ्याला मौनाचा अधिकार आहे. पुस्तकाला तो नाही. पुस्तकाने एन-दोर आणि नोब, दोन्ही एकाच गुंडाळीत ठेवले.

शौल आणि हिटलर यांना एका तागडीत घालण्याचा येथे मुळीच हेतू नाही. कसोटी मात्र येथून मिळते. पडद्यावरील चित्रणात हुकूमशहा माणूस दिसतो की नाही, एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या शेजारी नोब आहे काय, हे विचारावे. ‘डेर उंटरगांग’मध्ये साठ लाख ज्यू जवळजवळ दिसतच नाहीत. आणखी एक आक्षेप जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी घेतला: इतरांचे मृत्यू दाखविणारा कॅमेरा हिटलरच्या मृत्यूपुढे मात्र नजर वळवितो. तो मला रास्त वाटतो.

शिवाय ‘अखेरचे दिवस’ ही निवडच निष्पाप नाही. बारा वर्षांच्या राजवटीतून शेवटचे सुमारे बारा दिवस उचलले की जुलमी मनुष्य दैवाने घेरलेला म्हातारा भासतो. प्रत्यक्षात त्याच महिन्याच्या ९ तारखेला, हिटलरच्या मृत्यूच्या तीन आठवडे आधी, पाळक डीट्रिख बोनहॉफर यांना फ्लॉसेनबुर्ग येथे फाशी देण्यात आले. हात थरथरत होता, तरी हुकूम थरथरत नव्हते.

महात्मा गांधींनी वर्ध्याहून हिटलरला दोन पत्रे लिहिली, २३ जुलै १९३९ रोजी आणि २४ डिसेंबर १९४० रोजी. ब्रिटिश सरकारने ती पोहोचू दिली नाहीत. दोन्हींत ‘मित्र’ असे संबोधन आहे. दुसऱ्या पत्रात ते या माणसाला राक्षस मानण्यास तयार नाहीत, पण त्याची कृत्ये राक्षसी आहेत असे स्पष्ट बजावतात. त्या मित्रभावाचा काही उपयोग झाला असता काय, याविषयी मतभेद राहतील. परंतु कर्ता आणि कृत्य यांतील हा भेद कलावंताने राखण्याजोगा आहे. दुष्टाच्या मरणात परमेश्वराला संतोष नाही, असे यहेज्केल सांगतो. पण त्याची दुष्टाई त्याने कोठेही लहान करून सांगितलेली नाही.

येथे व्हाइटफील्डमध्ये संगणक-उद्योगातील नोकरीनिमित्त येऊन राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरांतील पुष्कळ तरुणांना हिटलर ठाऊक आहे तो त्या तळघरातील थयथयाटाच्या एका प्रसंगामुळे. त्यावर विनोदी वाक्ये चढवून केलेल्या असंख्य नकला जगभर फिरल्या. यशयाच्या चौदाव्या अध्यायातही पडलेल्या बाबेलच्या राजाचा उपहास आहे. पण तो जोखडातून सुटलेल्यांचा उपहास आहे. ज्याने जोखड वाहिले नाही, त्याचे हसू निव्वळ करमणूक ठरते. आणि करमणुकीतून भीती जाते तशी स्मृतीही जाते.

प्रिय वाचकहो, या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती मला हिटलर वाटत नाही. ती आहे त्याची सचिव ट्राउडल युंगे. तिला वरिष्ठ म्हणून प्रेमळ मनुष्य लाभला होता. बाकीचे तिने पाहिले नाही. चित्रपटाच्या शेवटी खरी, वृद्ध युंगे बोलते. जवळजवळ आपल्याच वयाची सोफी शोल १९४३ मध्ये, ज्या सुमारास आपण हिटलरच्या नोकरीत शिरलो त्याच सुमारास, विरोध केल्यामुळे मारली गेली, हे तिला पुढे कळले. आणि तारुण्य ही सबब होऊ शकत नाही, सत्य शोधता आले असते, हेही तिला उमगले. आपल्याशी गोड बोलणारा सत्ताधीश दाराबाहेर काय करतो, याची चौकशी करणे हे शेजारप्रीतीचेच अंग आहे. असे चित्रपट पाहावेत. मुलांसह बसून पाहावेत. आणि पडदा काळा झाल्यावर त्यांना विचारावे: नोबचे लोक यात कोठे होते?