वारसाचे देणे

2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना महाराष्ट्रभर बोलावणी येऊ लागली. भोर आणि वेल्हे (ज्याला आता राजगड तालुका म्हणतात) हा तर जुन्या कागदांचाच मुलूख. हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे आज विचारत फिरावे लागते, पण वतनाच्या कागदांत ती पावलोपावली भेटतात. 1948 च्या विलीनीकरणापर्यंत भोरला पंतसचिवांचे संस्थान होते, त्यामुळे दप्तराची परंपराही मोठी. इथला माणूस पूर्वज शोधायला निघाला की तलाठ्याकडचे फेरफार काढतो, गाव नमुना 6-क म्हणजे वारसांची नोंदवही चाळतो, पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज करतो, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा-पणजोबांची नावे पाहून येतो. कुणाला जातीचा दाखला हवा असतो, कुणाला भाव आलेल्या जमिनीतला हिस्सा, कुणाला देशमुखी-पाटीलकीचा अभिमान. हेतू कोणताही असो, त्याच्या पोटात धर्माचा एक प्रश्न आहे आणि तो सहसा विचारला जात नाही. पूर्वजांच्या कागदातून जो नाव, मान किंवा जमीन घेतो, त्याने त्याच कागदातले देणेही घ्यायचे की नाही? माझे उत्तर स्पष्ट आहे: घ्यायचे. पितृऋण म्हणतात ते यालाच, आणि ते श्राद्धाच्या पानावर फिटत नाही.

हे उत्तर नवे नाही. माणूस ऋषी, देव आणि पितर यांचे ऋण घेऊन जन्मतो, असे तैत्तिरीय संहितेपासून सांगितले आहे, आणि प्रजा झाली की पितरांचे ऋण फिटते असेही तिथे म्हटले आहे. पुष्कळजण इथेच थांबतात. मुलगा झाला, वंश चालला, मोकळे झालो. पण धर्मशास्त्र व्यवहाराकडे वळले की इतके सैल राहत नाही. मृताचे धन जो घेईल त्याने त्याचे कर्ज फेडावे, हा याज्ञवल्क्याचा दंडक. मुलावर तर त्याहून कडक बंधन होते: बापाने मागे काही ठेवले नसले तरी त्याचे कर्ज मुलाने फेडायचे, जुगार-दारूसारख्या गोष्टींपायी केलेले सोडून. 1866 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती उरली. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने, ज्या कलमात मुलीला जन्मतः हिस्सा दिला त्याच कलमात, केवळ धर्म म्हणून बापाचे कर्ज फेडण्याचे बंधन नव्या कर्जांपुरते संपवले. सावकाराच्या तावडीतून नातवंडे सुटली, हे चांगलेच झाले. पण कोर्टातून दावा गेला म्हणून त्यामागचा विचार गेला असे होत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असेल तर जमीन बोजासकटच येते, हे मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मानाला मात्र बोजा नसतो अशी आपली समजूत झाली आहे.

ही समजूत मोडणारे कागद इतरत्र सापडतात. स्कॉटलंडमधली घराणी पूर्वज शोधताना जुनी मृत्युपत्रे वाचतात. तिथे 1868 पर्यंत जमीन मृत्युपत्राने देता येत नसे, ती रिवाजाने थोरल्या मुलाकडे जाई. मृत्युपत्र उरे ते जंगम मालाचे. त्याचे तीन भाग पडत, विधवेचा, मुलांचा आणि मेलेल्याचा स्वतःचा. त्या कागदात मालाच्या यादीबरोबर मृताची येणी आणि देणी दोन्ही नावनिशीवार लिहिलेली असतात. पणजोबाच्या गाईंची संख्या पाहायला गेलेल्याला, पणजोबाने गड्याची मजुरी थकवली होती हेही त्याच पानावर वाचावे लागते.

आपल्या महजरात, म्हणजे वतनाच्या निवाड्याच्या कागदात, असा रकाना नाही, पण नीट पाहिले तर देणे त्यातही दिसते. वतनाचा कथला उभा राहिला की गोत बसे, साक्षी होत, प्रसंगी दिव्यही होई, आणि शेवटी कागदावर निशाण्या उमटत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, आणि ज्याचे नाव ‘नाक’ने संपते त्या महाराचीही खूण. शिवेच्या वादात तर महाराची साक्ष वजनाची, कारण शीव त्यालाच पक्की ठाऊक. म्हणजे आज जो वंशज त्या कागदावर आपली पाटीलकी सिद्ध करतो, तो या माणसांच्या शब्दावर उभा आहे. कारीच्या जेध्यांचेच पाहा. त्यांच्या दप्तरातली शकावली, म्हणजे घटनांची सालवार नोंद, लोकमान्य टिळकांमुळे उजेडात आली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद तिच्या आधाराने निकालात निघाला. त्याच घराण्याच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या लेखी इतिहासात, आणखी एक हकीकत आहे. वतनापायी भावांनी भावाला मारले, आणि त्या मेलेल्या भावाचे तान्हे मूल देवजी महाल्याने वाचवले. ते मूल म्हणजे कान्होजी जेधे. पुढे शिवाजीराजांच्या पाठीशी उभे राहिलेले सगळे जेधे घराणे एका सेवकाच्या इमानावर तगले. रक्ताचे नाते त्या दिवशी मारायला उठले होते. करीना लिहिणाऱ्याने हे दडवले नाही, याचे मला मोल वाटते. पण वंशावळीच्या झाडाला देवजीची फांदी नसते.

आणि बहिणीचीही नसते. तीर्थोपाध्यायाच्या वहीत यात्रेला आलेल्या बायकांची नावे सापडतात, घरच्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला मुलाइतका हिस्सा दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, 2005 पूर्वी बाप वारलेला असला तरी तो हक्क राहतो, असे सांगितले. तरी बाप गेला की हक्कसोडपत्र पुढे येते. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि ती सही राजीखुशीची म्हणून फेरफारात बसते. ज्या घराला पूर्वजांच्या कागदावर आपला हक्क इतका पवित्र वाटतो, त्या घराच्या सर्वांत नव्या कागदावर हे लिहिलेले असते. महारवतनाचेही तसेच. गावाने पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले आणि मोबदल्यात तुकडा दिला. 1928 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवली, ती याच गुलामीवर बोट ठेवून. पाटीलकीचा अभिमान घेताना ती वेठ कुणी मागितली, हे विसरायची मुभा नाही.

यावर पहिला आक्षेप कर्मसिद्धांताचाच येईल. ज्याचे कर्म त्याचे फळ, पणजोबाचे पाप मी का फेडू? आक्षेप खरा आहे, पण तो दोषाला लागतो, देण्याला नाही. पणतवाला शिक्षा व्हावी असे मी म्हणत नाही. देणे हाती आलेल्या वस्तूला चिकटलेले असते. ज्याने पूर्वजांचे काहीच घेतले नाही, ना जमीन, ना मान, ना नाव सांगताना ताठ होणारी मान, तो खुशाल मोकळा आहे. मग ज्यांना घेण्यासारखे काही मिळालेच नाही, ज्यांची कागदावर फक्त खूण उरली, त्यांच्याकडे कुणाचेच देणे निघत नाही. ते या हिशेबात धनको आहेत.

दुसरा आक्षेप कागदांवर आहे. महजर काय, करीना काय, हक्क शाबीत करायला लिहिलेले; त्यांच्यावर नीतीचा डोलारा कसा उभारायचा? पण म्हणूनच त्यांतली स्वतःच्या सोयीची नसलेली ओळ अधिक विश्वासाची. घराण्याच्या मोठेपणासाठी लिहिलेल्या कागदात भाऊबंदकीतला खून आणि सेवकाचे उपकार येतात, ते टाळता आले नाहीत म्हणून. तिसरा आक्षेप भावनेचा आहे: पितरांचे उणे काढणे म्हणजे त्यांचा अपमान. बापाचे कर्ज फेडणाऱ्या मुलाने बापाचा अपमान केला, असे आपल्या परंपरेत कुणी कधी म्हटले आहे का? उलट कर्ज ठेवून गेलेला बाप अडकून पडतो आणि मुलगा त्याला सोडवतो, अशीच आपली श्रद्धा आहे.

तर्पणाचा विधी तरी कुठे रक्तापुरता आहे? त्यात आईकडचे येतात, गुरू येतात, आप्त येतात, आणि ज्यांना पाणी द्यायला कुणी उरले नाही त्यांनाही ओंजळ मिळते. वंशावळ करणाऱ्याने एवढे तरी करावे. बहिणी-आत्यांची नावे लिहावीत आणि ज्या फेरफाराने त्यांचा हिस्सा गेला त्याचा नंबर शेजारी लिहावा. महजरात ज्यांच्या निशाण्या आहेत त्यांची नावे वाचून उतरवावीत, आणि गावात त्यांचे वंशज असतील तर नक्कल त्यांच्या हाती द्यावी, कारण तो कागद त्यांचाही आहे. हक्कसोड करून दिलेल्या बहिणीला तिचा हिस्सा बक्षीसपत्राने आजही देता येतो, आणि त्यासाठी मोडी यावी लागत नाही.