संदिग्ध म्हणे!

वह्या मिटा आणि इकडे बघा. ‘माझी वसई’ हा निबंध दिला होता. जिकडेतिकडे एकच शब्द: संदिग्ध! एकाने लिहिला, बाकीच्यांनी उतरवला. शब्द भारदस्त, बाई खूश होतील, असा हिशोब ना?

‘पावसात अर्नाळ्याचा किल्ला संदिग्ध दिसतो.’ अरे, किल्ला अंधुक दिसतो, धूसर दिसतो. दोन अर्थ काढायला तो काय पुढाऱ्याचं भाषण आहे? ‘सोपाऱ्याच्या अशोककालीन लेखातली अक्षरं संदिग्ध.’ झिजलेलं अक्षर अस्पष्ट असतं. भगवानलाल इंद्रजींना १८८२मध्ये तो लेख सापडला आणि त्यांनी तो वाचलाही. तुम्हांला ब्राह्मी वाचता येत नाही, हा दोष लेखाचा नव्हे.

हसू नका, खरं संदिग्ध वाक्यही तुमच्याच वहीत आहे: ‘बाजीरावाच्या काळात वसईला महत्त्व आले.’ कोणता बाजीराव? पहिल्याच्या काळात, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. दुसऱ्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह केला आणि पेशवाई गहाण टाकली. वाक्य एक, अर्थ दोन; एक विजयाचा, दुसरा नामुष्कीचा. अक्षर मोत्यासारखं, शब्द सोपे, तरी वाचणारा संभ्रमात. याला म्हणतात संदिग्ध. संदेह आणि संदिग्ध एकाच धातूतून आले, ते उगाच नाही.

आणि हे बघा: ‘पूर्वी कधीतरी परकीय आले, नंतर बऱ्याच वर्षांनी आपण किल्ला घेतला.’ इथे दोन अर्थ नाहीत, एकही धड नाही. हे मोघम. कोण परकीय? ‘कधीतरी’ म्हणजे कधी? गुजरातच्या बहादूरशहाने १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून १७३९पर्यंत २०५ वर्षं. वजाबाकी तिसरीतली आहे! पण त्यासाठी पुस्तक उघडावं लागतं. संदिग्ध वाक्य बेसावधपणे लिहिलं जातं. मोघम वाक्याआड माणूस आपलं न वाचणं लपवतो. पहिली चूक मी सुधारून देईन. दुसरीला माझ्याकडे माफी नाही.

सोमवारी निबंध पुन्हा लिहून आणायचा. ‘कधीतरी’, ‘बऱ्याच’, ‘काही लोक’ यांना बंदी. तिथे साल आणि नाव हवं. ‘संदिग्ध’ लिहायचाच असेल, तर समासात दोन्ही अर्थ लिहून दाखवा. दुसरा अर्थ सापडला नाही, तर तो शब्द खोडा.