गाणं जिथलं तिथं

१९४२ साली ऑस्करच्या समारंभात एक विचित्र गोष्ट घडली. ‘लेडी बी गुड’ या चित्रपटातल्या ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटगीताचा पुरस्कार मिळाला आणि त्याचा संगीतकार जेरोम कर्न स्वतःच नाराज झाला. १९४० साली पॅरिस जर्मनांच्या हाती पडलं, त्या हळहळीतून ऑस्कर हॅमरस्टाइनने शब्द लिहिले, कर्नने चाल दिली, गाणं अमेरिकेत लोकप्रिय झालं आणि मग कुठे ते चित्रपटात आलं. जे चित्रपटासाठी रचलंच नाही त्याला चित्रपटगीताचं बक्षीस कशाला, असा त्याचा आक्षेप होता. अकादमीलाही तो पटला. गाणं खास त्या चित्रपटासाठीच रचलेलं हवं, अशी अट पुढे घालण्यात आली.

हीच अट मराठी चित्रपटगीतांना लावून पाहावी, असं बरेच दिवस मनात होतं. आपल्याकडे आवडत्या गाण्यांच्या याद्या काही कमी निघत नाहीत. पण त्या बहुतेक कानांनी केलेल्या असतात. ते साहजिकही आहे. चित्रपट दोन-चार आठवडे चालायचा आणि उतरायचा. गाणं मात्र तबकडीवर आणि आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये वर्षानुवर्षं टिकायचं. निवेदक गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगायचा, पडद्यावर ते कोण, कुणाला, कुठल्या अवस्थेत म्हणतं आहे हे कोण सांगणार? त्यामुळे चित्रपटातली शेकडो गाणी आपल्या लेखी भावगीतं होऊन बसली. आपण ती मनापासून ऐकली, पण त्यांचं गाव विसरून.

म्हणून इथे कसोटी वेगळी लावली आहे. गाणं त्या चित्रपटासाठी लिहिलेलं हवं, हे तर झालंच. संतांचे अभंग, आधी गाजलेल्या कविता कितीही सुंदर वाजल्या तरी बाजूला. पण तेवढ्याने भागत नाही. संगीतकार दिग्दर्शकाला विचारतो, ‘सिच्युएशन काय?’ गाण्याने त्या सिच्युएशनला असं काही द्यायला हवं, जे संवादाला किंवा कॅमेऱ्याला देता आलं नसतं. आणि गाणं उचलून घेतलं तर तिथे खड्डा पडायला हवा. या चाळणीतून माझी कितीतरी लाडकी गाणी खाली गळून गेली. जी उरली त्यांतली काही ही.

पहिलं ‘आधी बीज एकले’. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. हे गाणं तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांचं आहे. पण ते इतकं बेमालूम उतरलं की जाणत्यांनीही ते गाथेत शोधलं. बीज, झाड आणि पुन्हा बीज असा साधा विचार, अभंगाला साजेशी ठेवण आणि पागनीसांचा भजनात मुरलेला आवाज. शंका यायला जागाच नव्हती.

या गाण्याची खरी गंमत मात्र चित्रपटाच्या कथेशी ताडून पाहिल्यावर कळते. ‘संत तुकाराम’मधला खलनायक सालोमालो काय करतो? तुकोबांचे अभंग आपले म्हणून खपवतो. दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव घालणाऱ्या माणसाची गोष्ट ज्या चित्रपटात आहे, त्याच चित्रपटासाठी एक तरुण गीतकार आपले शब्द तुकोबांच्या नावावर सोडून देतो. सालोमालोला याहून सणसणीत उत्तर संवादलेखकालाही देता आलं नसतं. गीतकाराने पात्राच्या कातडीत शिरायचं असतं, असं आपण नेहमी म्हणतो. आठवले ज्या पात्राच्या कातडीत शिरले ते पात्र महाराष्ट्राच्या जिभेवर तीनशे वर्षं नांदत होतं. तिथे एक शब्द जरी आजचा वाटला असता तरी प्रेक्षकाने पकडलं असतं.

तीनच वर्षांनी, १९३९ मध्ये, ‘प्रभात’नेच ‘माणूस’ काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, गीतं अनंत काणेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं. एक साधा पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची ही कथा. शांता हुबळीकरांची मैना ‘कशाला उद्याची बात’ म्हणते ते गिऱ्हाइकांसमोर, आणि एकेक कडवं वेगवेगळ्या प्रांतांच्या भाषेत. रेडिओवर ही एक मजेदार करामत वाटते. पडद्यावर कळतं की ही भाषांची हौस नसून धंद्याची गरज आहे. जसं गिऱ्हाईक तशी बोली. या बाईचं स्वतःचं असं काही उरलेलं नाही, भाषासुद्धा समोरचा ठरवतो, हे एकाही दुःखी शब्दाविना सांगून होतं.

आणि ध्रुवपद तर कथेला छेदून जातं. उद्याची फिकीर सोडा, असं मैना हसत हसत गाते आणि चित्रपटभर धडपडते ती उद्यासाठीच. शेवटी मामाच्या खुनापायी ती गजाआड जाते आणि शिपायाने देऊ केलेली सुटकाही नाकारते. तेव्हा तिच्याकडे खरोखरच उद्या नसतो. गाण्याचा अर्थ असा उलटायचा तर आधी ते चित्रपटात भेटायला हवं. हुबळीकरांनी आपल्या आत्मचरित्रालाही हेच नाव दिलं, यावरून हे गाणं त्यांना किती पुरून उरलं ते कळतं.

मग ‘ऐरणीच्या देवा’. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ १९६५ चा. गीत जगदीश खेबुडकरांचं, आवाज लता मंगेशकरांचा आणि संगीतकार ‘आनंदघन’, म्हणजे पुन्हा लताबाईच. या संगीताला राज्य पुरस्कारही मिळाला. हे गाणं आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते ऐकणंच सोडून दिलं आहे. म्हणून जरा जवळ जाऊन पाहू.

पडद्यावर लोहाराचा संसार आहे. भाता, ऐरण, तापलेलं लोखंड. भाता आहे म्हणजे लय आहे आणि घण आहे म्हणजे ठोका आहे. लताबाईंनी नेमकं तेच हेरलं. गाण्याच्या ठेक्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचा नाद आहे. तो सजावट म्हणून वरून लावलेला नाही, चाल त्याच्यावरच चालते. कष्टाची लय हीच गाण्याची लय झाल्यामुळे काम थांबवून गाणं म्हटल्यासारखं कुठेही वाटत नाही. आपल्या चित्रपटांत नायिका एरवी भाकरी तव्यावर टाकून खुशाल गायला निघून जातात. ही बाई गाते तेव्हा कामातच असते.

शब्दांतही तोच विवेक आहे. देवाला फूल वाहायचं तर लोहाराच्या घरात फुलं कुठली? तिथे ठिणग्या आहेत, त्याच वाहायच्या. ही कल्पना कवीने दुरून आणलेली नाही, भट्टीसमोर उभं राहिलं की समोरच दिसते. खेबुडकरांनी ती फक्त पाहिली आणि नको तेवढं सजवलं नाही. मागणंही फार नाही. वैभव दारात यावं असा हट्ट नाही, अब्रूचं जिणं मिळावं आणि सोसायला, झुंजायला अंगी बळ यावं एवढंच. भालजींनी चित्रपटाला जे नाव दिलं, त्याचा सगळा अर्थ या साडेतीन-चार मिनिटांत सामावला आहे. हे गाणं काढून घ्या, आणि लोहार हा त्या कथेतला नुसता एक व्यवसाय उरेल.

यानंतर ‘का रे दुरावा’ पाहिलं की प्रसंग गाण्याच्या आवाजापर्यंत कसा पोचतो ते कळतं. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० चा. गीतं गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचं. लग्न होऊन मुंबईच्या चाळीत आलेली सून, माणसांनी भरलेलं घर आणि नवराबायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. बासू चटर्जींनी पुढे हीच कथा ‘पिया का घर’मध्ये हिंदीत नेली. अशा घरात रुसवा कसा काढायचा? मोठ्याने तर बोलता येत नाही. आशा भोसले यांनी हे गाणं दबक्या आवाजात, जवळजवळ कानाशी म्हटलं आहे. शब्द लाडिक आहेत, पण लाडात येऊन आवाज चढवायची सोय नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांना हा आवाज फक्त मधाळ वाटतो. चाळीची भिंत ध्यानात घेतली की कळतं, या हळुवारपणाचं मोजमाप चौरस फुटांत आहे.

‘जैत रे जैत’मधलं एकच गाणं निवडणं अवघड. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ साली केलेला हा चित्रपट गाण्यांवरच उभा आहे. गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. ठाकर जमातीतला नाग्या, त्याचा ढोल, लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरच्या मधमाश्या यांची कथा संवादांपेक्षा गाण्यांतून पुढे सरकते. तरीही मी बोट ठेवीन ते ‘मी रात टाकली’वर. चिंधी नवऱ्यापासून मोकळी झालेली बाई आहे. पांढरपेशा चित्रपटात या घटनेभोवती अश्रू, टोमणे आणि पंचायत यांची दाटी झाली असती. इथे ती बातमी नाचत येते. सगळा पाडा तिच्या बाजूने सूर धरतो. काडीमोड हा उत्सव असू शकतो, हे १९७७ सालच्या मराठी प्रेक्षकाला भाषण करून पटवता आलं नसतं. समूहाच्या तालाने ते सहज पटवलं.

एक आक्षेप इथे घेता येईल. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या परिसरातले शेतकरी कवी. त्यांची बोली मराठवाड्याच्या रानातली, ती सह्याद्रीतल्या ठाकरांच्या तोंडी का? आक्षेप खरा आहे. पण चित्रपट म्हणजे बोलीचं सर्वेक्षण नव्हे. महानोरांनी ठाकरी बोलीची नक्कल केली असती तर गाणी खोटी वाटली असती. त्यांनी आपल्या शेताची भाषा डोंगराला उसनी दिली आणि ती तिथे रुजली, कारण पाऊस, पीक आणि देह यांना एका दमात बोलावण्याची सवय दोन्हीकडे आहे.

अलीकडचं पाहायचं तर राजीव पाटील यांचा २००९ चा ‘जोगवा’. ‘जीव दंगला’ हे संजय कृष्णाजी पाटील यांचं गीत, संगीत अजय-अतुल यांचं. हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे प्रेमाचं द्वंद्वगीत आहे, आणि प्रेमाची द्वंद्वगीतं आपण हजारो ऐकली आहेत. पण इथे ते आहे देवीला सोडलेल्या दोघांसाठी, एक जोगतीण आणि एक जबरदस्तीने लुगडं नेसवलेला जोगता. त्यांना प्रेम करायचीच बंदी आहे. नायक-नायिकेच्या वाट्याला येणारं सगळं भरजरी संगीत दिग्दर्शकाने मुद्दाम या दोघांना बहाल केलं. रूढ चाकोरीतलं गाणं चुकीच्या माणसांच्या हाती दिलं की ते बंड होतं, याचा हा पुरावा.

आणि ‘सैराट’. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटातलं ‘झिंगाट’ वाजलं नाही अशी वरात किंवा मिरवणूक शोधून सापडणार नाही. या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या वाद्यवृंदाकडून ते वाजवून घेतलं, याचा तेव्हा फार गवगवा झाला. करमाळ्याकडच्या पोरांच्या प्रेमाला हॉलिवूडची व्हायोलिनं कशाला, असंही काहींनी विचारलं. मला ती व्हायोलिनं बरोबर वाटतात. चित्रपटातल्या परश्या-आर्चीच्या मनात प्रेम एवढंच मोठं आहे. तो वाद्यवृंद गावाचा नाही, त्यांच्या कल्पनेचा आहे.

पण मंजुळे यांची खरी हुशारी गाणी कुठे आहेत यापेक्षा ती कुठे नाहीत यात आहे. चारही गाणी दोघं पळून जाण्याआधीची. ‘झिंगाट’च्या त्याच रात्री दोघं सापडतात. मांडवात बेभान होऊन नाचणाऱ्यांना हे आठवत नाही, त्यालाही इलाज नाही. हैदराबादला पोचल्यावर, पत्र्याची खोली, स्वयंपाक, भांडण आणि नोकरी सुरू झाल्यावर एकही गाणं नाही. तक्रार, उपदेश, ओढूनताणून आणलेला करुण सूर यांतलं काहीच नाही. फक्त तो वाद्यवृंद गेलेला असतो, आणि त्याच्या जाण्यानेच कळतं की पोरं मोठी झाली. पूर्वार्धातली गाणी एवढी भव्य नसती तर उत्तरार्धातलं हे रितेपण जाणवलंच नसतं. चित्रपटासाठी रचलेलं गाणं कुठपर्यंत पोचू शकतं, याचं हे टोक आहे. ते नसतानाही काम करतं.

या यादीत नसलेल्या गाण्यांची संख्या अर्थातच मोठी आहे आणि वाचक मनातल्या मनात ती मोजत असतील. ‘जगाच्या पाठीवर’मधली गदिमा-फडक्यांची गाणी नाहीत. ‘पिंजरा’ नाही, ‘सांगत्ये ऐका’ नाही. ती कमी प्रतीची म्हणून नव्हे. लावणीच्या चित्रपटात गाण्याला बैठकीचं निमित्त आयतंच मिळतं आणि कित्येकदा एक लावणी काढून दुसरी बसवली तरी कथेला धक्का लागत नाही. ‘जगाच्या पाठीवर’मधली गाणी तर चित्रपट सोडून इतकी दूर आली आहेत की आपण त्यांना सुभाषितांसारखं वापरतो. तो त्यांचा मोठेपणा आहे, पण इथली कसोटी वेगळी होती.

आज ही कसोटी लावणं आणखी कठीण होत चाललं आहे. चित्रपटाच्या कितीतरी आधी त्याची गाणी मोबाइलवर येतात आणि प्रेक्षक गाणं पाठ करूनच थिएटरात जातो. अनेकदा जाहिरातीसाठी म्हणून एक नाच चिकटवला जातो, नाहीतर श्रेयनामावली सरकताना गाणं लावून दिलं जातं. ऑस्करच्या आजच्या नियमातही श्रेयनामावली सुरू होताना वाजणारं पहिलं गाणं चालतं. म्हणजे लोक खुर्चीतून उठत असताना वाजणाऱ्या गाण्यालाही बक्षीस मिळू शकतं. कर्नची हरकत अर्धीच ऐकली गेली, असं म्हणायला हवं. गाणं चित्रपटासाठी रचलं का, एवढंच विचारून थांबलो की हे होणारच. चित्रपटाला ते लागलं का, हा प्रश्न राहूनच जातो.

एकच निवडा असं कुणी म्हटलं तर मी ‘ऐरणीच्या देवा’ निवडीन. ‘आधी बीज एकले’ अधिक खोल आहे, ‘सैराट’मधला विचार अधिक धाडसी आहे. पण गाणारी कोण, ती काय काम करते, तिला काय हवं आणि किती हवं, हे शब्द, चाल, ठेका आणि आवाज या चौघांनी मिळून एकाच वेळी सांगावं, हे इतकं नेटकं जमलेलं दुसरं मराठी चित्रपटगीत मला सापडत नाही. ते जमलं कारण प्रसंग आधी ठरला होता आणि गाणं त्याच्या मापाने घडवलं गेलं. पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांनी गाणी ऐकण्याआधी ती पडद्यावर बघावीत आणि निर्मात्यांनी गीतकाराला पटकथेच्या बैठकीपासून बोलवावं, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी पुढच्या याद्या करणाऱ्यांची पंचाईत वाढेल. ती वाढलेली मला आवडेल.