न कळण्याची व्यवस्था

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम माझ्याकडे होतं. थकीत कर्जांच्या व्याजात रुपया-दीड रुपयाचा फरक येत होता. चाचणीच्या डेटावर चूक सापडेना, म्हणून मला खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड मिळाला. थकीत सोनेतारण कर्जांची यादी काढणारी साधी क्वेरी मी चालवली. दोनशेच्या आसपास ओळी आल्या आणि त्यातल्या एका ओळीत माझ्या मामाचं नाव होतं. तारण : बांगड्या ४ नग, मोहनमाळ १ नग.

चूक तासाभरात सापडली. रोजचं व्याज आधी पैशांत पूर्णांकित होऊन मग त्याची बेरीज होत होती. पूर्णांक शेवटी एकदाच करायला हवा होता. साहेबांनी शाबासकी दिली.

त्या दिवाळीत आम्ही मामाकडे गेलो. मामी आईला म्हणाली, "ताई, दागिने यंदा लॉकरमध्येच ठेवलेत. चोऱ्या किती वाढल्यात!" आई म्हणाली, "बरं केलंस." मी ताटातल्या चकलीकडे बघत राहिलो.

मी काय चूक केली होती? चोरी केली नव्हती, कुणाला सांगितलं नव्हतं, परवानगीशिवाय काही उघडलं नव्हतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तेव्हा मी वर्तमानपत्रातली बातमी स्वतःला लावून पाहिली. नेमकं कुठे बोट ठेवावं ते कळेना. तरी मामीच्या त्या वाक्यानंतर तिच्या नजरेला नजर देता आली नाही, हेही खरंच.

एक मित्र म्हणाला, "गावात पूर्वी सोनाराला, सावकाराला, पत्र वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनला सगळं ठाऊक असायचंच की." असायचं. पण सोनाराला ठाऊक आहे, हे गहाण ठेवणाऱ्यालाही ठाऊक असायचं. तो सोनार निवडायचा, दुपारची वेळ निवडायचा, मागल्या दारानं जायचा. मामानंही घरापासून लांबची पतसंस्था निवडली असणार. खिडकीपलीकडच्या कारकुनाला कळेल, एवढं त्यानं मनाशी मान्य केलं होतं. दुसऱ्या शहरात बसलेल्या भाच्याला कळेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. डेटाबेसनं जाणणाऱ्यांची संख्या वाढवली, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जाणणाऱ्याला अदृश्य केलं.

गंमत अशी की, न कळण्याची व्यवस्था कशी करायची हे आमच्या धंद्याला चांगलं ठाऊक आहे. १९६०च्या दशकात एमआयटीमधल्या सीटीएसएस या संगणकप्रणालीवर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसली. यावर फाइल अधिक जपून ठेवणं हा एक उपाय होता. दुसरा उपाय अधिक धाडसी होता : पासवर्ड ठेवायचाच नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्ससाठीची अशी पद्धत मांडली. पासवर्ड दळून त्याचं पीठ तेवढं साठवायचं. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकलात की तोही दळायचा आणि पिठाशी पीठ ताडून पाहायचं. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सारखं दिसू नये, म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट टाकायची. तिला आम्ही सॉल्टच म्हणतो. तुम्ही कोण हे यंत्र ओळखतं, पण तुमचं गुपित त्याला ठाऊक नसतं. ही साधी शिस्त न पाळल्यामुळे २००९ साली रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड जसेच्या तसे चोरांच्या हाती लागले.

पासवर्डाबाबत आम्ही स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. मग मामाच्या बांगड्यांबाबत का ठेवतो?

यावर नेहमीचं उत्तर असतं की, खरा डेटा पाहिल्याशिवाय खऱ्या चुका सापडत नाहीत. ते खोटं नाही. माझी चूक चाचणीच्या डेटावर सापडली नव्हतीच. पण मला काय हवं होतं? मुद्दल, दर, तारखा, दिवस. नाव नको होतं. बांगड्या तर मुळीच नको होत्या. त्या आल्या, कारण मी क्वेरीत सिलेक्टच्या पुढे स्टार टाकला होता, म्हणजे 'सगळे रकाने द्या'. चार रकान्यांची नावं टाइप करायचा कंटाळा. माझ्या अपराधाची जागा शोधायचीच तर ती त्या एका चांदणीत आहे.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. चार महिन्यांनी मी पुन्हा पाहिलं. त्या दिवशी काही चूक शोधायची नव्हती. पासवर्ड अजून चालत होता आणि मला मामाची काळजी वाटत होती. कर्ज फिटलं का, दागिने लिलावात तर गेले नाहीत ना, एवढंच पाहायचं होतं. ते फिटलं होतं. मला हायसं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली. पहिली नजर कामाची होती, दुसरी मायेची. दुसरीच जास्त वाईट होती. ती माया मामाच्या काही उपयोगाचीही नव्हती. मदत करायची तर कळल्याचं कबूल करावं लागलं असतं.

तेव्हापासून 'माणसं चांगली घ्या, मग सुरक्षेची चिंता नको' असं कुणी म्हटलं की मी गप्प राहत नाही. मी बरा माणूस होतो आणि बरेपणानंच मला त्या ओळीकडे परत नेलं. नोंद ठेवणारी यंत्रणा असती तर मी पकडला गेलो असतो, कदाचित घाबरून थांबलोही असतो. पण पहिल्या वेळी कळलेलं त्यानं पुसलं गेलं नसतं. आता माझ्या हाताखालच्या मुलांना नावं झाकलेला डेटा मिळतो आणि काम संपलं की त्यांचा प्रवेश बंद होतो. कामाला अर्धा तास जास्त लागतो. मुलं कुरकुरतात, "सर, आमच्यावर विश्वास नाही का?" आहे. तेवढाच स्वतःवरही होता.

हा लेख लिहितानाही तोच प्रश्न आला. म्हणून इथलं नातं बदललं आहे, दागिनेही. ते मामा नव्हते. कोण होते, हे तुम्हाला कळायची गरज नाही, मलाही नव्हती.