राखणीचा आनंद

निवृत्त झालेल्या माणसाने आपल्या वीस-पंचवीस वर्षे जुन्या मोटारीवर वेळ, श्रम आणि साठवणीतला पैसा खर्च करावा काय? आणि त्यात त्याला आनंद वाटत असेल, तर तो आनंद निर्दोष मानावा काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील कित्येक घरांत तो रोज विचारला जातो. मुलगा म्हणतो, “बाबा, आता ती भंगारात द्या, हप्त्यांवर नवी घेऊ.” आई म्हणते, “माणसांपेक्षा त्या गाडीचीच सेवा जास्त चालते.” वडील काही बोलत नाहीत, फडके घेऊन खाली उतरतात. मुलाचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आईचा आक्षेप नीतीचा आहे, आणि वडिलांच्या मौनात काही उत्तर दडले असेल तर ते शोधणे हे आपले काम आहे.

प्रथम हे वडील कोण, ते पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्या दशकात या माळरानाचे रूप पालटले. आकुर्डीला स्कूटर आणि पुढे पिंपरीला ट्रक तयार होऊ लागले. नगर, जालना, मराठवाडा येथून आपली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे पोटासाठी इकडे आली आणि येथलीच झाली. १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे १९९८ च्या डिसेंबरात टेल्कोची इंडिका रस्त्यावर आली. भारतीय कारखानदारीने स्वतःच्या बळावर उभी केलेली ही छोटी मोटार आपल्याच पिंपरीत बनते, याचा येथील कामगाराला केवढा अभिमान वाटला! २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु ज्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून किंवा पैपै साठवून ती घेतली होती, त्यांच्यापैकी काहींच्या इमारतीखाली ती आजही उभी आहे.

आता या कामगाराच्या श्रमाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. असेंब्ली लाईनवर उभा असलेला माणूस मोटार बनवतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो मोटार बनवत नाही. तो दाराच्या बिजागऱ्या बसवतो, किंवा चाकाचे नट आवळतो. ठराविक मिनिटांनी एक सांगाडा त्याच्यापुढून सरकतो. त्याचा हात लागला न लागला तोच पुढे निघून जातो. तीस वर्षांत हजारो मोटारी त्याच्या हाताखालून गेल्या, पण एकही मोटार त्याला आरंभापासून अखेरपर्यंत भेटली नाही. भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की काम बंद. श्रमाचा मोबदला मिळाला, संसार उभा राहिला, मुले शिकली. मात्र श्रमाची पूर्णता, म्हणजे ‘हे मी केले’ असे ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल ते काम, त्याच्या वाट्याला क्वचितच आले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या परिपत्रकात श्रमाच्या दोन बाजू वेगळ्या करून दाखवल्या. श्रमातून काय निपजते ही एक बाजू, आणि तो श्रम करणारा कोण ही दुसरी. श्रमाचे मोल प्रथम या दुसऱ्या बाजूवर ठरते, कारण श्रम करणारा हा माणूस आहे, यंत्राचा भाग नव्हे. कारखान्याच्या हिशोबवहीत पहिली बाजू लिहिली जाते. दुसरी लिहायला तेथे रकाना नसतो.

निवृत्तीनंतर जुन्या मोटारीपाशी हा माणूस काय करतो, ते या प्रकाशात पाहावे. रोज सकाळी तो ऑईलची पट्टी काढून पुसतो आणि पातळी पाहतो. गाडी फार दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी तो तिला फिरवून आणतो. दाराच्या खालच्या कडेला गंज धरू लागला की वेळीच घासून रंगाचा हात देतो. एखादा रबरी पाइप किंवा क्लच प्लेट मिळत नसेल तर पुण्याला नाना पेठेत जाऊन दुकाने पालथी घालतो. इंजिनाचा आवाज बदलला की त्याचे कान टवकारतात. ज्याने आयुष्यभर एकच सांधा जुळवला, त्याला आता सगळी मोटार कळू लागते. येथे भोंगा नाही, सुपरवायझर नाही, घाई नाही. त्याच्या आनंदाचे मूळ येथे आहे. तो आनंद मालकीचा कमी आणि पूर्ण श्रमाचा अधिक आहे. कारखान्याने जे देऊ शकले नाही, ते त्याला उतारवयात मिळत आहे.

परंतु आईचा आक्षेप अजून उरतोच. संत ऑगस्टीन यांनी उपयोग आणि उपभोग यांत भेद केला. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात, तर उपभोगायचा, म्हणजे ज्याच्या ठायी मनाने विसावा घ्यायचा, तो केवळ परमेश्वर. वापरायच्या वस्तूवर मन जडले की वाटसरू वाटेवरच घर बांधतो आणि गाव विसरतो. हा इशारा गंभीर आहे, आणि मोटारीच्या बाबतीत तर विशेषच, कारण मोटारीइतकी माणसाच्या अहंकाराला खतपाणी घालणारी वस्तू आपल्या काळात दुसरी नसेल.

तथापि वापरणे आणि उपभोगणे यांच्याखेरीज तिसरेही एक क्रियापद आहे: राखणे. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बाग सोपवली गेली ती मशागतीसाठी तशीच राखणीसाठीही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम लिहिले, तेव्हा मठाच्या कोठाराची जबाबदारी असणाऱ्याने तेथील साधी हत्यारे आणि भांडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे सांभाळावीत, असे सांगितले. कुदळ पूज्य आहे म्हणून नव्हे. ती दुसऱ्याच्या घामातून आली आहे आणि उद्या दुसऱ्याच्या हातात जायची आहे म्हणून. आपल्या शेजारचे हिंदू बांधव खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, त्यामागेही हीच कृतज्ञता असावी. नव्या मोटारीला आशीर्वाद देण्यासाठी लोक आम्हा धर्मगुरूंना अगत्याने बोलावतात. वीस वर्षे इमानाने चाललेल्या मोटारीसाठी कोणी बोलावत नाही. खरे तर आभार मानण्यासारखे तिच्याजवळच अधिक असते.

राखणारा आणि कवटाळणारा यांत मात्र फरक आहे, आणि तो कृतीत दिसतो. राखणाऱ्याची मोटार शेजारच्या बाळंतिणीला अपरात्री दवाखान्यात नेते. कवटाळणाऱ्याच्या मोटारीवर कापडी आच्छादन असते आणि मुलांनी हात लावला तर तो खेकसतो. राखणारा घरात विचारून खर्च करतो. खासगी कारखान्यातील कामगाराचे निवृत्तिवेतन किती तुटपुंजे असते, हे वाचकांना सांगायला नको. पत्नीच्या गुडघ्याचे दुखणे पुढे ढकलून इंजिन उतरवून घेतले, तर त्या घरात आईचा आक्षेप खरा ठरला, असेच म्हणावे लागेल.

धुराचाही विचार केला पाहिजे. २०२० च्या एप्रिलपासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना बीएस-सहा हे कडक मानक लागू आहे. जुने डिझेल इंजिन त्याच्या जवळपासही येत नाही. नवी मोटार घडवायलाही पोलाद आणि वीज लागते, म्हणून अगदी थोडी चालणारी जुनी मोटार सांभाळण्यात काटकसर आहे, हे म्हणणे खोटे नाही. परंतु आपली काटकसर शेजाऱ्याच्या मुलाने श्वासातून भरून द्यावी, हा न्याय नव्हे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. हा नियम जाचक वाटला तरी तो एक योग्य प्रश्न विचारतो: ही मोटार अजून रस्त्यावर येण्यास पात्र आहे काय?

त्याहून कठीण प्रश्न कोणतेही कार्यालय पुरेसा विचारू शकत नाही. मोटार धडधाकट असेल, पण चालवणाऱ्याची नजर? चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. परंतु रात्री समोरचा दिवा डोळ्यांवर येताच क्षणभर काही दिसेनासे होते, हे दाखल्याआधी त्या माणसालाच कळते. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत आपला पाय ब्रेकवर वेळेत पडेल काय, हे त्याने स्वतःलाच विचारायचे असते. मोटारीचा झिजलेला भाग नाना पेठेत मिळतो, माणसाचा मिळत नाही. अशा वेळी किल्ली मुलाच्या किंवा सुनेच्या हाती देणे हा राखणीचाच शेवटचा भाग आहे. जो सांभाळतो तो सोडूही शकतो, कारण वस्तू आपल्याकडे सोपवलेली होती हे तो विसरलेला नसतो. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी २० वर्षांची मुदत संपून मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली, तेव्हा मुंबईकरांनी हळहळत का होईना, तिला निरोप दिलाच.

तेव्हा मुलांना आमची विनंती आहे की, वडिलांच्या मोटारीची किंमत भंगाराच्या भावाने करू नका. एकदा त्यांच्याबरोबर बॉनेटपाशी उभे राहून हा आवाज कसला, तो कसला, हे विचारा. आईंना विनंती की, त्यांनी आपला आक्षेप मागे घेऊ नये, कारण त्या आक्षेपानेच प्रेमाला मर्यादा राहते. आणि वडिलांना एवढेच सांगावेसे वाटते की, फडके हाती घेताना संकोचू नका. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांसाठी मोटारींचे भाग जुळवलेत. आता एक अखंड मोटार तुमच्या हाती आहे. ती नीट राखा, तिच्यातून इतरांना न्या, आणि वेळ येईल तेव्हा प्रसन्न मनाने किल्ली पुढच्या हातात द्या.