पाठ केलेला निबंध

बारामती-इंदापूरकडे हायस्कूलमधली बरीच मुले इंग्रजीचा निबंध गाईडमधून पाठ करतात. मग 'माझी आई' सर्वांची एकच होते. रात्री वीज आल्यावर उसाला पाणी द्यायला उठणारी आई वहीत येतच नाही. हा आठव्या आज्ञेचा भंग म्हणावा काय? पाठांतरात दोष नाही. प्रभूची प्रार्थनाही आपण पाठच म्हणतो. पण ती स्वतःची रचना म्हणून कोणी मिरवीत नाही. निबंधाखाली मात्र मुलाचे नाव असते, आणि गुणांपायी आपण वडीलधारी मंडळीच त्याला संमती देतो. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात भाषा मराठी, ओवीही इथलीच. कथा मात्र त्यांच्या श्रद्धेची. मुलाने चार मोडकी इंग्रजी वाक्ये स्वतः लिहिली, तर शिक्षकांनी त्यांना गुण द्यावेत. थोडे का होईना, द्यावेत.